दारचा राखणदार आणि भिंतीतली गोचीड

या सदरात आम्ही आजवर आजी-आजोबांच्या पथ्यपाण्याविषयी लिहिले, धान्याच्या साठवणीविषयी लिहिले, परसातल्या अळवावरही एक संपूर्ण लेख खर्ची घातला. या महिन्यात पाळी आली आहे ती घरातील अशा सभासदाची, ज्याचे नाव शिधापत्रिकेवर नसते, पण फाटकाची कडी वाजली की सर्वांच्या आधी तोच उठतो. आपल्याकडे कुत्रा पाळणारी घरे पूर्वीही होती. आता तर ज्या घरातील मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी गेली, त्या घरांत मागे राहिलेल्या दोघांना सोबत म्हणून कुत्रा आणून देण्याची चाल पडली आहे. जीव लावणे आपोआप होते. जीव राखणे मात्र शिकावे लागते, आणि त्यातला पहिला धडा गोचिडींचा व पिसवांचा आहे. विषय अमंगळ खरा. जेवता जेवता मासिक वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हात धुऊन झाल्यावर पुढे वाचावे.

प्रथम नावाची गोष्ट. गोचीड हा शब्द आपल्या घरात चालतो, औषधाच्या दुकानात तो चालेलच असे नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे किलनी म्हणावे लागते, बडोद्यास इतरडी, आणि बेळगावाहून पुढे कानडी मुलखात गेले की उण्णी. पिसू निराळी व गोचीड निराळी, हेही दुकानदारास स्पष्ट सांगावे. कारण एकीवरचे औषध दुसरीवर चालेल असा भरवसा नाही. पिसू तपकिरी, चपटी, केसांतून पळणारी आणि टुणकन् उडी मारणारी. गोचीड उडत नाही व पळतही नाही; ती तोंड कातडीत रुतवून स्वस्थ बसते आणि रक्त पिऊन फुगते. पोट भरलेली मादी करडी, गुळगुळीत आणि थेट एरंडीच्या बीसारखी दिसते. हे साम्य पूर्वीच्या लोकांनाही जाणवले होते. शास्त्रीय नामावलीत एरंडास जे रिसिनस हे लॅटिन नाव आहे, त्या शब्दाचा मूळ अर्थ गोचीड असाच आहे.

आपल्या बहुतेक शहरी घरांतील कुत्र्यांवर जी गोचीड आढळते, ती तपकिरी गोचीड. गोठ्यातील जनावरांवरच्या गोचिडींहून हिचा संसार वेगळा आहे आणि तो समजला नाही तर सर्व उपाय वाया जातात. अंड्यातून निघालेले पिलू खसखशीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. त्यास पाय सहा. ते कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि गळून पडते. मग घरातच कोठे तरी दडून कात टाकते, आठ पायांचे होते आणि पुन्हा कुत्रा शोधते. पुन्हा रक्त, पुन्हा गळून पडणे, पुन्हा कात. तिसऱ्या खेपेस ती पूर्ण वाढलेली गोचीड होऊन चढते, आणि मादी असल्यास फुगून उतरते व एखाद्या फटीत हजारो अंडी घालून मरते. उष्ण हवेत हा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. खायला मिळाले नाही तरी पूर्ण वाढलेली गोचीड महिनोन् महिने उपाशी तग धरते.

या हिशेबातून निघणारी गोष्ट अशी, की गोचिडीच्या आयुष्याचा फार मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर जातच नाही. तो जातो आपल्या भिंतीत. कुत्र्याच्या कानातून आपण दहा गोचिडी वेचल्या आणि हात झटकले, तर ते घरी आलेल्या वऱ्हाडातील दहा माणसे मोजण्यासारखे झाले. बाकीचे वऱ्हाड आतल्या खोलीत उतरलेले आहे. या तपकिरी गोचिडीची आणखी एक खोड अशी, की तिला वर चढण्याची हौस आहे. ती भिंतीवरून चढून छताच्या कोपऱ्यात, तसबिरीच्या मागे, दाराच्या चौकटीच्या सांध्यात, विजेच्या बटणांच्या पेटीत जाऊन बसते. गृहिणीला भिंतीवर हळूहळू वर सरकणारा तांबूस ठिपका दिसला आणि तिने तो ढेकूण समजून केरसुणीने झटकला, असे अनेक घरी घडते.

आपली जुनी घरे तर गोचिडीच्या सोयीसाठीच बांधली असावीत. इंदूर-ग्वाल्हेरचे चुन्याच्या गिलाव्याचे वाडे, बडोद्यातील लाकडी तुळया, गोव्यातील चिऱ्यांच्या भिंती आणि त्या चिऱ्यांमधील पोकळ झालेले सांधे, बेळगावकडची कौलारू घरे आणि त्यांचे वासे. ग्वाल्हेरला ज्येष्ठात अंगण भाजून निघते तेव्हाही जाड भिंतीच्या फटीत सावली आणि गारवा असतोच. नव्या सदनिकांत फटी कमी असतात, पण पलंगाचा कप्पा, गादीची शिवण आणि कुत्र्याच्या अंथरुणाखालची फरशी तेथेही आहेच.

आता, एवढे सारे कशासाठी? चार थेंब रक्त गेल्याने धडधाकट कुत्रा मरत नाही. पण या तपकिरी गोचिडीच्या तोंडून रक्तात जे उतरते, त्याने मरतो.

त्या रोगास पशुवैद्य गोचीडताप म्हणतात. तो एकच रोग नव्हे; दोन-तीन निरनिराळे सूक्ष्मजंतू त्याच्या मुळाशी असतात. त्यांतील एर्लिकिया या जंतूचे वर्णन १९३५ साली अल्जीरियातील कुत्र्यांत प्रथम झाले. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची दीडशेहून अधिक लष्करी कुत्री या एका रोगाने दगावली, आणि त्यांत अल्सेशियन जातीची कुत्री मोठ्या संख्येने होती. या जातीला हा रोग विशेष जड जातो. आपल्याकडे अल्सेशियन पाळण्याची हौस दांडगी, म्हणून हे मुद्दाम सांगितले. एर्लिकियाने रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात. दुसरा जंतू बॅबेसिया. तो तांबड्या पेशी फोडतो, त्याने लघवी चहाच्या रंगाची होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी डोळे पिवळे दिसतात.

आमच्या परिचयातील इंदूरच्या एका घरी घडलेली हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. थोरल्या मुलीचे लग्न होऊन ती सासरी गेली आणि तिसऱ्या आठवड्यात घरच्या कुत्र्याने अन्न सोडले. पोळी दुधात कुस्करून दिली, तरी तोंड फिरवी. मुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर दिवसभर पडून राही. घरातील सर्वांनी एकच अर्थ काढला: मुक्या जिवाला ताईचा विरह झाला. शेजारी पाहावयास येत, आई डोळे पुशीत. ताईला दूरध्वनीवरून बोलते केले आणि तो आवाज कुत्र्याच्या कानाशी धरला. त्याने शेपूट हलविली, पण तो उठला नाही. पाचव्या दिवशी सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. नाकातून रक्त येत होते. तेव्हा कोठे रिक्षा बोलावली गेली. पशुवैद्याने कानाची पाळी उलटून दाखविली. आत बारीक गोचिडींची रांग होती. रक्त तपासले, तो बिंबिका पार खाली गेलेल्या. डॉक्सिसायक्लिन हे औषध चार आठवडे चालले आणि कुत्रा उठला. मौज पुढेच आहे. सहा महिन्यांनी त्याच कुत्र्यास तोच ताप पुन्हा आला, कारण कुत्र्यावर उपचार झाले होते, ताईच्या खोलीच्या चौकटीवर झाले नव्हते. हा रोग एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असे मुळीच नाही. त्या दिवाळीत वाड्याची डागडुजी निघाली, चौकटीचे सांधे भरले गेले, तेव्हापासून ते घर स्वस्थ आहे.

कुत्रा दुःख करीत नाही असे आम्ही म्हणत नाही. तो करतो. परंतु दुःखाने हिरड्या पांढऱ्या होत नाहीत. कुत्र्याने दोन वेळा अन्न नाकारले, की ओठ वर करून हिरडी पाहावी, ती गुलाबी असावयास हवी. ताप पाहावा, नाक ओले की कोरडे यावरून तो कळत नाही. कुत्र्यासाठी वेगळा तापमापक ठेवावा आणि तो गुदद्वारात लावावा. निरोगी कुत्र्याचे तापमान माणसाहून अधिक, म्हणजे साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ च्या वर गेले की थांबू नये. गोचीड अंगावर चढल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप दिसू लागतो, म्हणून आज अंगावर काही नाही यावर विसंबून चालत नाही. रक्ताची तपासणी आजकाल मध्यम शहरांतही होते; पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, जसे इंदूरजवळ महू येथे किंवा बडोदेकरांना आणंद येथे, ती सोय आहे. आणि औषध चार आठवड्यांचे सांगितले असेल तर चारही आठवडे द्यावे. सहाव्या दिवशी कुत्रा पोळी मागू लागला म्हणून गोळ्या बंद करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. रोग अशा वेळी मरत नाही, नुसता दडतो आणि काही महिन्यांनी हाडाच्या मज्जेपर्यंत पोहोचून उठतो.

गोचीड रोग नेते हे ज्ञान फार जुने नाही. अमेरिकेतील गुरांच्या तापाचे मूळ गोचिडीत आहे, हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. किडा रोग वाहून नेतो याचा एवढा पक्का पुरावा त्यापूर्वी फारसा कोणी दिला नव्हता. गाईच्या सडाला चिकटलेली गोचीड दूध टाकून रक्तच पिते, हा दृष्टांत आपण कीर्तनांत पुष्कळ ऐकला आहे. ती रक्त पिताना काही परतही देते, ही भर शास्त्राने घातली.

माणसाला यापासून भय आहे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. आहे, पण बेताचे. हीच तपकिरी गोचीड क्वचित माणसासही चावते आणि तिच्यामुळे पुरळासह येणारा एक ताप भारतात आढळतो. तो वेळीच ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. घरात कुत्रा आहे आणि अंगावर गोचीड आढळली होती, एवढे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर घालावे. पुष्कळदा त्या वाक्यानेच निदान होते. गोमंतक व बेळगाव भागातील वाचकांच्या मनात माकडतापाचे नाव येईल. तो रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील कॅसनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१५-१६ च्या सुमारास गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यांपर्यंत आला. त्याची गोचीड मात्र निराळी, रानातली. घरच्या कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीचा तो रोग नव्हे. तरी काजूच्या बागेत वा रानात कुत्र्यास बरोबर नेणाऱ्यांनी घरी परतल्यावर उंबऱ्याबाहेरच त्याचे आणि आपलेही अंग तपासावे, हे शहाणपणाचे.

गोचीड काढावयाची कशी? काडीपेटीने चटका देऊन नव्हे, रॉकेल किंवा तेल ओतूनही नव्हे. त्रास दिला तर ती सुटण्यापूर्वी आपली लाळ जखमेत अधिक सोडते. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीच्या अगदी लगत तिला धरावे आणि न पिळता, न हिसडता सरळ ओढावे. काढलेली गोचीड बोटांत चिरडू नये आणि चपलेखाली फरशीवरही चिरडू नये. साबणाच्या पाण्याच्या किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. जागा ठरलेल्या असतात: कानाच्या पाळीच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, गळपट्ट्याच्या खाली, शेपटीच्या मुळाशी. मुधोळसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यावर त्या डोळ्यांना दिसतात. पामेरियनच्या लोकरीत मात्र बोटे फिरवूनच शोधाव्या लागतात. तांदळात खडा लागावा तशा त्या बोटाला लागतात. हे काम रोज दहा मिनिटांचे आहे आणि घरातील आजोबांस ते फार आवडते, असा आमचा अनुभव आहे.

वेचण्याने ओझे हलके होते, प्रश्न सुटत नाही. त्यासाठी औषधच हवे, आणि या बाबतीत आजचा काळ पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा आहे. मानेच्या मागे दोन खांद्यांच्या मध्ये, जेथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही तेथे, केस बाजूला सारून कातडीवर सोडावयाचे फिप्रोनिलसारखे थेंब मिळतात. त्यांचा प्रभाव महिनाभर राहतो. थेंब सोडण्यापूर्वी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस न्हाऊ घालू नये. औषध भिनविलेले गळपट्टे मिळतात, ते काही महिने चालतात. आणि २०१४ च्या आगेमागे पोटातून द्यावयाच्या गोळ्यांचा एक नवा वर्ग आला; त्यांतील काही महिनाभर तर काही सुमारे तीन महिने काम करतात. गोचीड चावते, पण चावल्यावर मरते. ज्या कुत्र्यास झटके येण्याची व्याधी आहे त्यास या गोळ्या पशुवैद्यास विचारल्यावाचून देऊ नयेत. कोणतेही औषध वजनावर ठरते. दहा किलोच्या कुत्र्याची मात्रा तीन किलोच्या पिलास अर्धी करून देणे हा हिशेब घरी बसून करावयाचा नाही. बहुतेक औषधे आठ आठवड्यांखालील पिलांस चालत नाहीत. तेथे बारीक दातांची फणी आणि चिमटा हेच औषध.

महिन्याचे औषध महिन्यास आठवावे कसे, हा खरा घरगुती प्रश्न. आमची सूचना अशी की संकष्टीचा दिवस धरावा. घरात कोणाचा ना कोणाचा उपास असतोच, चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहिली जातेच, आणि दोन संकष्टींमधील अंतर एकोणतीस-तीस दिवसांचे, म्हणजे औषधाच्या मुदतीइतकेच. साबुदाणा भिजत घालताना कुत्र्याची गोळीही फळीवरून खाली उतरवावी. आमच्या माहितीतील दोन घरांनी हा नेम धरला आहे आणि एकही महिना चुकलेला नाही. आपल्याकडे थंडीतही घराच्या आत गोचीड जगते, तेव्हा बाराही संकष्ट्या पाळाव्यात.

जुन्या घरगुती उपायांविषयी आम्हांस थोडे कठोर लिहावे लागत आहे. रॉकेल व मोटारीचे जळके तेल कातडी भाजते आणि चाटले तर फुफ्फुसांत जाते. गॅमेक्झिनची पांढरी भुकटी आमच्या पिढीने कुत्र्याच्या अंगावर पावडरीसारखी शिंपडलेली पाहिली आहे. त्या भुकटीतील बीएचसी १९९७ साली देशात बंद झाले ते उगाच नव्हे, आणि कोठे जुना डबा माळ्यावर राहिला असेल तर त्यास हात लावू नये. लसूण खाऊ घातल्याने गोचीड पळते हा समज सर्वत्र आहे. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे गोचीडतापाचेच काम आपण स्वयंपाकघरातून करू लागतो. कापूर तेलात घालून चोळणेही विषारी. गोठ्यातील गुरांसाठी असलेले तीव्र औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यास न्हाऊ घालण्याची पद्धत गावाकडे जमीन असलेल्या घरांत आहे. त्याने हातपाय थरथरू लागलेली कुत्री दवाखान्यात येतात. कडुलिंबाच्या पाल्याने निरुपद्रवी स्नान घडते, एवढेच त्याचे श्रेय. गोचीड त्याने मरत नाही.

दोन इशारे याच ओघात. घरात मांजर असेल तर कुत्र्यासाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध घरात आणू नये. कुत्र्यास ते सोसते, मांजरास मारते. आणि आयव्हरमेक्टिन. ज्याच्या शोधाबद्दल २०१५ साली विल्यम कँपबेल व सातोशी ओमुरा यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते हे औषध माणसांसाठी व गुरांसाठी वरदान ठरले, पण कोली आणि तिच्या नात्यातील जातींच्या पुष्कळ कुत्र्यांत एक जन्मजात उणीव असते, तीमुळे ते मेंदूत शिरते. शेजाऱ्याच्या कुत्र्यास ज्या सुईने गुण आला ती आपल्या कुत्र्यास नको.

आता भिंतीकडे वळू. कुत्र्यावर औषध आणि घराची साफसफाई एकाच आठवड्यात सुरू करावी आणि निदान तीन महिने चालवावी. कारण फटीतील अंड्यांची पाळी अजून यावयाची असते. कुत्र्याचे अंथरूण आठवड्यास कढत पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावे. रात्री विजेरी घेऊन चौकटी, तसबिरींच्या मागच्या बाजू, पलंगाच्या पाट्यांचे सांधे, कुत्रा जेथे झोपतो तेथील भिंतीचा वरचा कोपरा तपासावा. भेगा चुन्याने, सिमेंटने वा लांबीने बुजवाव्यात. हे काम रंगाच्या आधी करावे. नुसता रंग फटीवरून जातो व फट तशीच राहते. प्रादुर्भाव मोठा असेल तर कीटकनाशकाची फवारणी जाणत्या माणसाकडून करवून घ्यावी, आणि त्या दिवशी कुत्रा, मांजर, रांगते मूल व माशांची काचपेटी ही सर्व घराबाहेर असावीत. फवारा वाळल्यावरच परतावे. एका फवारणीने भागत नाही, दुसरी लागते. देवळीतील व कोनाड्यातील फटी आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण तेथे फवारा मारण्यास घरातील वडीलधारी माणसे संकोचतात. तेथे दिवा-समई बाजूस काढून फट बुजवून घेतली म्हणजे फवाऱ्याचे कारणच राहत नाही.

पिसवांचे गणित थोडे निराळे, पण गोष्ट तीच. कुत्र्यावरही बहुधा मांजराची पिसूच आढळते. पूर्ण वाढलेली पिसू अंगावर राहते, रोज चाळीस-पन्नास अंडी घालते, आणि ती अंडी मिठाच्या कणांसारखी जाजमावर, गादीवर, बैठकीच्या गिर्द्यांवर गळत जातात. अळी अंधारात धुळीत वाढते, मग कोष विणते. कोषातील पिसू महिनोन् महिने वाट पाहते आणि पावलांचा हादरा व अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. उन्हाळ्याची सुट्टी घालवून कुटुंब परतते, कुलूप उघडते आणि पायांवर पिसवांचा पाऊस पडतो, त्याचे कारण हे. कुत्रा घरात नव्हताच, मग पिसवा आल्या कोठून, असे त्या वेळी विचारले जाते. अळीला दमटपणा लागतो, म्हणून गोव्यात व बेळगावच्या पावसाळ्यात हा उपद्रव अधिक. कोरडे ऊन आणि रोजची झाडलोट तिला मानवत नाही. पिसू दिसत नसेल तर परीक्षा सोपी: कुत्र्याच्या पाठीवरून फणी फिरवून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर टाकावी. तांबडा डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त.

प्लेगच्या आठवणी ज्या घराण्यांत अजून सांगितल्या जातात, तेथे पिसू म्हटले की अंगावर काटा येतो. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. ती पिसू उंदराची, कुत्र्याची नव्हे. कुत्र्याच्या पिसवेतून येतो तो पट्टकृमी. खाजवताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्या पोटातील कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. काकडीच्या बीसारखे पांढरे, हलणारे तुकडे शेपटीखाली दिसतात. जंताचे औषध देऊनही ते पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर चूक औषधाची नसून पिसवांची आहे. लहान मुलाने कुत्र्याशी खेळताना पिसू गिळली तर त्यासही हा कृमी होतो. क्वचितच, पण होतो.

बाकीच्या किड्यांविषयी थोडक्यात. कानाच्या कडा व कोपरे यांवर पापुद्रे येऊन कुत्रा रात्रंदिवस खाजवत असेल तर ती खरूज. ती माणसांच्या हातांवरही काही काळ उमटते, तेव्हा घाई करावी. पिलांच्या तोंडावर केस जाऊन पडणारे, न खाजणारे चट्टे बहुधा दुसऱ्या, न पसरणाऱ्या प्रकारचे असतात. दोन्हींचे निदान कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली होते, अंदाजाने होत नाही. जंतांचे औषध पिलास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्यास आणि पुढे दर तीन महिन्यांनी द्यावे. आईच्या पोटातूनच पिलू जंत घेऊन येते. अंगणातील विष्ठा त्याच दिवशी उचलावी, कारण आकडेकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायांत शिरते, आणि आपली नातवंडे अंगणात अनवाणीच असतात.

राहिला प्रश्न दारच्या कुत्र्यांचा. गाईला घास आणि कुत्र्याला चतकोर ही रीत आपण मुलूख सोडला तरी सोडलेली नाही, आणि दत्ताच्या तसबिरीतील चार श्वान ज्या घरात रोज पुजले जातात त्या घराने ती सोडावी असे आम्ही सुचवणारही नाही. तथापि दारचे कुत्रे चतकोर खाऊन उंबऱ्याशीच पसरते, आणि त्याच्या अंगावरून गळलेली गोचीड ओट्याच्या फटीतून घरात येते. म्हणून चतकोर उंबऱ्याशी न ठेवता फाटकापाशी किंवा रस्त्याच्या कडेला, रोज एकाच जागी ठेवावा. चार दिवसांत ती जागा त्यांच्या अंगवळणी पडते. आळीतील दोन-तीन घरांनी मिळून वर्गणी काढली तर वर सांगितलेली दीर्घकाळ चालणारी गोळी पशुवैद्याकडून वजनाच्या अंदाजाने ठरवून घेता येते. त्यातील बरीचशी कुत्री ती पोळीच्या घडीत गूळ लावून दिली तर न चावताच गिळतात. जी पोळी उलगडून गोळी बाजूला काढून ठेवतात, त्यांच्यासाठी ती कुटून दह्याभातात कालवावी.